ज्याचा फोटो त्याच्या हाती

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सण आला की आपल्या गावात, आळीत, सोसायटीत एक माणूस हमखास दिसतो. गळ्यात कॅमेरा, खांद्याला बॅग, खिशात जादा सेल. आरतीच्या वेळी सगळ्यांचे हात टाळ्यांत गुंतलेले असतात, याचे कॅमेऱ्यात. पंगत बसली की हा वाढप्यांच्या पुढे उलट्या पावली चालतो. वर्षभरानं त्या कार्यक्रमाचा अल्बम उघडला तर त्यात सगळे सापडतात, हा तेवढा नसतो. तो पगारी नसतो, वर्तमानपत्राचा नसतो, स्टुडिओवालाही नसतो. तो हौशी असतो. आज त्याच्याविषयी, म्हणजे खरं तर आमच्याविषयी, बोलायचं आहे. कारण मीही त्यातलीच. डोंबिवलीत मला माझ्या नावापेक्षा ‘फोटोवाल्या काकू’ म्हणूनच जास्त लोक ओळखतात.

आता रेडिओवर फोटोंविषयी बोलायचं म्हणजे दाखवायला हातात काहीच नाही. पण मला जे सांगायचं आहे ते फोटो दाखवून कळणारंही नाही. फोटो कसा काढावा यावर पुष्कळ पुस्तकं आहेत. काढल्यानंतर त्याचं काय होतं, तो कुणाच्या घरी जातो आणि कुणाच्या घरी जायला हवा, हा माझा आजचा विषय आहे.

ही हौस काही आजची नाही. छायाचित्रणाची विद्या जगापुढे आली ती १८३९ साली, पॅरिसमध्ये. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर आणि मुंबईतल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी काचेवर ओलं रसायन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो काढायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवायची. म्हणजे फोटो काढायला निघालेला माणूस अख्खी प्रयोगशाळा बरोबर घेऊनच निघायचा. पोटापाण्याचा उद्योग एक आणि जीव अडकलेला दुसरीकडे, ही आम्हा हौशी मंडळींची जात तेव्हापासूनची आहे.

माझी स्वतःची सुरुवात मात्र कुठल्या तंबूत नाही, लोकलच्या डब्यात झाली. मी बँकेत नोकरीला होते. डोंबिवलीहून सकाळची ठरलेली गाडी, ठरलेला बायकांचा डबा, ठरलेल्या मैत्रिणी. मुंबईच्या लोकलमध्ये दसऱ्याला डबा सजवायची पद्धत तुम्हांला ठाऊक असेल. दसऱ्याला कचेऱ्या बंद, म्हणून आदल्या कामाच्या दिवशीच आमचा दसरा असायचा. झेंडूच्या माळा, कड्यांना आंब्याची डहाळी, खिडकीशी देवीची लहानशी तसबीर. आरती व्हायची, पेढे वाटले जायचे, आणि मुंब्र्याचा बोगदा आला की आवाज दुप्पट चढायचा. १९८९ च्या दसऱ्याला मी यजमानांचा कॅमेरा पर्समध्ये घालून नेला. रोलमध्ये छत्तीस फोटो. सदतिसावा निघाला तर लॉटरी. डब्यातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात रंगीत फिल्मवर चेहरे हिरवट यायचे, म्हणून फ्लॅश लावायचा, आणि फ्लॅशनं चेहरे पांढरेफटक पडू नयेत म्हणून त्यावर पांढरा रुमाल धरायचा. हे सगळं चालत्या गाडीत, एका हातानं कडी धरून.

आठवड्यानं छप्या आल्या. प्रत्येकीची वेगळी पाकिटं केली आणि त्याच गाडीत, त्याच डब्यात वाटली. छपाईचे पैसे जिचे तिनं दिले. त्या सकाळी एक मैत्रीण आपला फोटो बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, लग्न झाल्यापासून माझा एकटीचा हा पहिलाच फोटो.” तिच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. घरात कॅमेरा नव्हता असं नाही. पण तो मुलांच्या वाढदिवसाला बाहेर निघायचा आणि त्या वेळी ही स्वयंपाकघरात असायची. नाहीतर मागच्या रांगेत, कडेवर मूल घेऊन, अर्धा चेहरा त्या मुलाच्या डोक्याआड.

तिचं ते वाक्य माझ्या मनात राहिलं. मग मी बघायला लागले. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचा लग्नातला फोटो असतो, आणि त्यानंतर एकदम रेशनकार्डासाठी नाहीतर पासपोर्टसाठी काढलेला. मधली वीस वर्षं कुठे गेली? ती वर्षं त्या हळदीकुंकवांत, भोंडल्यांत, डब्यातल्या आरत्यांत हसत होत्या, पण त्याचा पुरावा कुणाजवळ नव्हता. तेव्हापासून मी ठरवलं की फोटो काढणं हे निम्मंच काम. ज्याचा फोटो त्याच्या हाती पोचला की उरलेलं निम्मं झालं.

बँकेतल्या माणसाला नोंदी ठेवायची खोडच असते. मी एक लांबट वही केली. रोल क्रमांक, तारीख, प्रसंग, आणि प्रत्येक फोटोतली नावं डावीकडून उजवीकडे. निगेटिव्हच्या पाकिटावर तोच क्रमांक. घरचे हसायचे, “हिनं फोटोंचं खतावणीचं पुस्तक काढलंय.” हसू द्या. त्या वहीनं पुढे काय काम केलं ते सांगणारच आहे.

डोंबिवलीत राहायचं आणि सणांपासून लांब राहायचं, हे जमण्यासारखं नाही. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे फडके रोडवर सगळं गाव नटूनथटून लोटतं. जुने वर्गमित्र भेटतात, नवी स्थळं हळूच बघून घेतली जातात, आणि गणपतीला नमस्कार करून लोक घरी फराळाला जातात. आणि गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा तर इथलीच. १९९९ साली ती श्री गणेश मंदिर संस्थानानं सुरू केली. पुढे ठाणे, गिरगाव करत ती प्रथा गावोगावी गेली. मी या यात्रेत स्वयंसेवक म्हणून फोटो काढायला लागले तेव्हा हातात फिल्मचाच कॅमेरा होता.

या यात्रेत फोटोंना तोटा नाही. लेझीम आहे, ढोलपथक आहे, ट्रकवर उभारलेला मल्लखांब आहे, शिवाजी आणि जिजाऊ झालेली शाळेतली पोरं आहेत. चैत्रातलं सकाळचं ऊन इमारतींच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी रस्त्यावर पडतं. अनुभवी फोटोवाला धावाधाव करत नाही. जिथे एखाद्या गल्लीतून उन्हाचा पट्टा आडवा आलेला असतो तिथे तो उभा राहतो. माणसं आपण होऊन उजेडात येतात.

गेल्या काही वर्षांत अशा यात्रांमध्ये दर पाडव्याला एक गंमत दिसते. नऊवारी नेसून, नाकात नथ, डोळ्यांवर काळा चष्मा अशा बुलेटवरून येणाऱ्या मुली दिसल्या की शंभर कॅमेरे एकाच दिशेला वळतात. कुणी शिडीवर, कुणी दुभाजकावर, कुणी एकमेकांच्या खांद्यावर. मुली देखण्या असतात, ऐटीत असतात, फोटो चांगलाच येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण शंभर जणांनी काढलेला तोच फोटो मी एकशे एकावी काढून कुणाला देऊ? त्या वेळी मी मागे वळून बघते. रात्री दहापासून रस्त्यावर बसून गालिच्याएवढी रांगोळी घालणाऱ्या बायका पहाटे आंघोळीला घरी गेलेल्या असतात. त्यांची रांगोळी सगळ्यांनी टिपलेली असते, त्यांचे रंगानं माखलेले हात कुणीच नाही. ढोलपथकाच्या मागे जादा टिपरू आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन चालणारा मुलगा असतो. जनरेटरची हातगाडी ओढणारे दोघे असतात. आणि यात्रा संपली की फुलं, कागदी पेले, फेट्यांची सुटलेली टोकं झाडून नेणारे सफाई कामगार असतात, ज्यांचा पाडवा दुपारी बारानंतर सुरू होतो.

वर्तमानपत्राचा फोटोग्राफर वाचकासाठी फोटो काढतो, ते त्याचं काम आहे. स्टुडिओवाला ज्यानं पैसे दिले त्याच्यासाठी काढतो, तेही बरोबरच आहे. आम्हांला कुणीच पैसे देत नाही, म्हणून कुणाचा फोटो काढायचा हे आम्ही ठरवू शकतो. फुकट काम करण्यात एवढं एकच वैभव आहे. ते सोडून आम्हीही व्यासपीठावरच्या पहिल्या रांगेचेच फोटो काढायचे असतील, तर आमची गरज काय?

आम्हा फोटोवाल्यांचा एक गट आहे. त्याला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. निवृत्त शिक्षक आहेत, औषध कंपनीत फिरतीवर असणारे एक जण आहेत, किराणा दुकानदार आहेत, फक्त मोबाइलवर फोटो काढणारी इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी आहे, आणि एक रिक्षावाले दादा आहेत. दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी आम्ही कुणाच्या तरी गच्चीवर जमतो. घराघरांतला उरलेला फराळ येतो. खरं सांगायचं तर उरलेला नसतो, या दिवसासाठी डबे लपवून ठेवलेले असतात. चकली कुणाची, अनारसे कुणाचे, यावर अर्धा तास जातो. मग सतरंजीवर प्रत्येकानं आपल्या वर्षभरातल्या पाच छप्या मांडायच्या.

इथे आमचा एक नियम आहे. फोटो मांडला की लेन्स कोणती, उजेड कुठला, हे नंतर. आधी सांगायचं, हा माणूस कोण? नाव माहीत असेल तर पुढचा प्रश्न, त्याला फोटो दिला का? ज्या फोटोतल्या माणसाचं नाव सांगता येत नाही तो कितीही सुंदर असो, तो एका बुटाच्या खोक्यात जातो. त्या खोक्यावर लिहिलं आहे, ‘बिनपत्त्याचे’. मग ते खोकं सगळ्यांच्या हातांतून फिरतं. “हे तर आमच्या शेजारच्या बिल्डिंगचे वॉचमन.” “ही ताई भाजी मार्केटात बसते, कोथिंबीरवाल्याच्या पलीकडे.” सगळ्यांत जास्त माणसं ओळखतात ते रिक्षावाले दादा. त्यांना गावातली प्रत्येक गल्ली पाठ. ओळखलेले फोटो ते रिक्षाच्या हूडला असलेल्या कप्प्यात ठेवतात आणि त्या बाजूचं भाडं मिळालं की देऊन येतात. एकदा एका पखवाजवाल्या बुवांचा फोटो त्यांच्या खोक्यातून कप्प्यात आणि कप्प्यातून घरी पोचायला दीड वर्ष लागलं, पण पोचला.

नवीन येणाऱ्या मुलांना हा नियम आधी विचित्र वाटतो. त्यांना वाटतं, फोटो कलेसाठी आहे, नावाचं काय? पण नाव विचारायचं म्हणजे माणसाशी बोलावं लागतं. बोललं की तो सैल होतो, आणि सैल झालेल्या माणसाचा फोटो ताठ माणसापेक्षा नेहमीच चांगला येतो. म्हणजे नियम सौजन्याचा आहे, पण फायदा कलेचाही होतो. त्या इंजिनिअरिंगच्या मुलीचे फोटो पहिल्या वर्षी सगळे लांबून, पाठमोरे होते. आता तिच्या फोटोंतली माणसं तिच्याकडे बघून हसत असतात.

आता त्या वहीची गोष्ट सांगते. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशभराची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. यात्रा नाही, फडके रोड रिकामा. २०२१ चा पाडवा तर दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात आला. त्या दोन वर्षांत मी एकही यात्रा टिपली नाही, पण माझा फोन मात्र वाजत होता. कुणी दबकत विचारायचं, “काकू, आमच्या बाबांचा फोटो असेल का तुमच्याकडे? एकट्याचा?” दिंडीत वीणा धरणारे एक गृहस्थ गेले होते. एका मंडळात वर्षानुवर्षं प्रसादाचा शिरा करणारे आचारी गेले होते. आणि एप्रिलमध्ये एका मुलाचा फोन आला. त्याची आई गेली होती. ती माझी लोकलमधली मैत्रीण, आमच्या डब्यात खिडकीशी बसून आरती सांगणारी. मुलगा म्हणाला, “घरात फोटो आहेत, पण सगळ्यांत आई गंभीर आहे. आधारकार्डावरचा तर बघवत नाही. ती हसायची हो. हसतानाचा कुठे सापडेल?”

मी वही काढली. १९९३, दसऱ्याच्या आदला दिवस, रोल क्रमांक सव्वीस, फोटो अकरावा, डावीकडून तिसरी. पाकीट काढलं, निगेटिव्ह उजेडाला धरली. निगेटिव्हमध्ये माणसं उलटी दिसतात, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. पण ओठांची ठेवण कळते. ती हसत होती. दुकानं बंद होती, तेव्हा घरातल्या स्कॅनरवरच ती निगेटिव्ह साफ करून त्याला चित्र पाठवलं. तेराव्याला तोच फोटो भिंतीवर लागला. त्यात तिच्या खांद्यावर झेंडूची माळ लोंबते आहे आणि मागे खिडकीचे गज दिसतात. कुणी ते पुसायला सांगितलं नाही.

म्हणून नवीन मुलांना मी कळकळीनं सांगते, की तुम्ही आज सहज काढलेला फोटो कुणाच्या तरी घरातला शेवटचा चांगला फोटो असू शकतो. तेव्हा तो सापडला पाहिजे. मोबाइलमध्ये चाळीस हजार फोटो असणं आणि एकही फोटो नसणं, यात गरजेच्या वेळी फार फरक पडत नाही. कार्यक्रम झाला की त्याच रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी, निवड करून टाकावी. शंभरातले पंधरा ठेवावेत. फाइलला तारीख, गाव आणि नाव द्यावं. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी असावी. व्हॉट्सअॅपवरून फोटो नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो बराच लहान होऊन जातो, मोठा करायला गेलं की फाटतो. छापायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि शक्य तिथे चार बाय सहाची छपी हातात द्यावी. कारण मोबाइल बदलतो, पासवर्ड विसरतो, पण कपाटातल्या साड्यांच्या घडीत ठेवलेला फोटो कुणाला विचारल्याशिवाय कुठे जात नाही.

मात्र प्रत्येक फोटो प्रत्येकाच्या हाती गेलाच पाहिजे असंही नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. हळदीकुंकवात एक बाई हळूच म्हणते, “माझा नको काढू.” कारण विचारायचं नसतं. कुणाच्या घरी ठाऊक नसेल, कुणी नुकतं दुःखातून उठलेलं असेल, कुणाला आवडत नसेल. तिनं नको म्हटलं, विषय संपला. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही लावायचे नाहीत. एका संस्थेच्या ब्लँकेटवाटपाला मला बोलावलं होतं. त्यांना देणारा आणि घेणारा, दोघांचे चेहरे समोरून हवे होते. रात्रीच्या थंडीत फुटपाथवर झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ब्लँकेट हवं असतं, त्यासाठी त्यानं कॅमेऱ्यासमोर हसावं ही अट कुणी घालावी? मी म्हटलं, देणाऱ्याचा चेहरा काढते, घेणाऱ्याची पाठ. त्यांना ते पटायला थोडा वेळ लागला, पण पटलं. घेणाऱ्याच्या पाठमोऱ्या खांद्यावर टाकलेली घडी आणि समोर वाकलेला कार्यकर्ता, हा फोटो पुढे त्यांनीच आपल्या अहवालावर छापला.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तर पहिला हक्क त्या पैसे देणाऱ्याचा. पण स्वतःच्या हौसेनं, मोबदला न घेता काढलेला फोटो असेल तर हक्क फोटो काढणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. ऐकायला छान वाटतं. पण याचा अर्थ असाही आहे, की त्या फोटोचं काय होईल याची जबाबदारीही आमच्यावरच आली. चेहरे माणसांचे, हक्क आमचा; म्हणून जपून. रांगोळ्या, गुढ्या, मंदिरांचे कळस, वाद्यं, असे फोटो आमच्यातले काही जण २००४ साली सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सवर सगळ्यांच्या वापरासाठी खुले करतात. मराठी विकिपीडियावर लेख लिहिणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. माणसांचे चेहरे मात्र त्या माणसांना विचारूनच.

आणखी एक प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. तुम्ही फुकट फोटो काढता, मग ज्याचं पोट त्यावर आहे त्यानं काय करायचं? आमच्या गल्लीच्या टोकाला एक स्टुडिओ होता. मालकांनी तीस वर्षं लग्नं, मुंजी, बारशी टिपली. मोबाइल आले, पासपोर्ट फोटोंवर दुकान चालेनासं झालं, आणि त्यांनी शटर ओढलं. ते आता आमच्या दिवाळीच्या बैठकीला येतात. त्यांच्याशी बोलूनच आम्ही ठरवलं, की ज्या कार्यक्रमात मांडववाल्याला, केटरर्सना, साउंडवाल्याला पैसे दिले जातात, तिथे फोटोग्राफरलाही दिले पाहिजेत. तिथे आम्ही नाही म्हणतो आणि व्यवसाय करणाऱ्या कुणाचा तरी नंबर देतो. लग्न, मुंज, उद्घाटन आम्ही करत नाही. जिथे वर्गणी काढून चहा होतो, जिथे मंडळातली मुलंच मांडव बांधतात, जिथे फोटोसाठी पैसे ठेवणं कुणाच्या मनातही येणार नाही, ती जागा आमची. वृद्धाश्रमातली कोजागिरी, घरकाम करणाऱ्या बायकांचं हळदीकुंकू, रक्तदान शिबिर, महापालिकेच्या शाळेचं स्नेहसंमेलन. त्या संमेलनात नाच करणाऱ्या मुलीच्या घरी मोठा कॅमेरा नसतो. तिच्या घरी जाणारी ती एक छपी वर्षानुवर्षं भिंतीवर राहते.

आता कुणी म्हणेल, आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, मग तुम्ही कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण एखादं लग्न किंवा आरती बघा. प्रत्येक जण आपला मोबाइल वर धरून उभा असतो. फोटो शेकडो निघतात, पण ते बहुतेक स्वतःचे किंवा समोरच्या मूर्तीचे. बाजूला उभ्या असलेल्या आजी, ज्यांना सेल्फी काढता येत नाही, त्या कुणाच्याच फोनमध्ये नसतात. कॅमेरे वाढले म्हणजे बघणारे वाढले असं होत नाही. दुसऱ्याकडे बघायला कुणीतरी मोकळं असावं लागतं. आम्ही तेवढ्यापुरते मोकळे असतो.

आणि हे काम करायला कॅमेराच हवा असं नाही. तुमच्या घरात जुने फोटो असतील. कपाटात, पत्र्याच्या डब्यात, एखाद्या ट्रंकेत. एका दुपारी ते बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा. मऊ शिशाची पेन्सिल घ्या, बॉलपेन नको, त्यानं फोटोवर वळ उठतो. पाठीमागे, कडेला, हलक्या हातानं लिहा. कोण, कुठे, कुठल्या साली; डावीकडून उजवीकडे. ज्यांची नावं त्यांना आठवत नाहीत त्यांच्यासाठी त्यांच्या बहिणीला, वहिनीला, जुन्या शेजाऱ्यांना विचारा. ते करता करता एखादा फोटो असा सापडेल, जो खरं तर तुमचा नाही. मामांच्या घरचा आहे, जुन्या भाडेकरूंचा आहे, शाळेतल्या मैत्रिणीचा आहे. तो वेगळा काढा. येत्या सणाला फराळाच्या डब्याबरोबर त्यांच्याकडे पोचवून या.